कागदावरचे गाव : न्हावा शेवा आणि उरणचा तीन दिवसांचा मुक्काम

परदेशी माल पाठविणाऱ्या किंवा मागविणाऱ्या कोणत्याही पेढीचे दप्तर उघडावे, त्यात एक नाव हमखास सापडते. व्यापारी ज्याला थोडक्यात 'बी. एल.' म्हणतात त्या बिल ऑफ लेडिंगवर, विम्याच्या कागदावर, कस्टमच्या शिपिंग बिलावर आणि बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये ते नाव असते : न्हावा शेवा. पतपत्रात एक आणि बी. एल. वर दुसरे अशी बंदराच्या नावात तफावत निघाली, तर पैसे अडकून पडतात. म्हणून कारकून मंडळी हे नाव देवाच्या नावासारखे जपून लिहितात. गंमत अशी, की ज्यांनी हे नाव तीस-पस्तीस वर्षे लिहिले त्यांतील फार थोड्यांनी ते गाव पाहिलेले असते. माल जातो, मालक जात नाही. क्लिअरिंग एजंट आणि बँक ही दोघे मध्ये असली, की मालकाला गादीवरून उठण्याचे कारण उरत नाही.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या कुटुंबाने गेल्या माघात ही उणीव भरून काढली. तसे पाहता त्यांचा मूळ बेत निराळाच होता. धाकट्या पिढीला नॉर्वेला जायचे होते. उत्तर ध्रुवाच्या वाटेवर स्वालबार बेटांत लाँगइयरब्येन नावाचे एक लहानसे गाव आहे. ७८ अंश उत्तर अक्षांशावरचे हे गाव १९०६ साली कोळशाच्या खाणीसाठी वसले आणि आज जगभरचे हौशी लोक तेथे मुक्काम ठोकून रोज बर्फात, समुद्रात, डोंगरात भटकायला बाहेर पडतात. गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार. गावाबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलापासून बचावाचे साधन बरोबर ठेवावे लागते. शाळकरी नातवाने या गावाची सगळी माहिती गोळा केली होती. परंतु घरातील वडीलधाऱ्यांचे वय पंचाहत्तरीपुढचे, गुडघे दुखरे आणि डॉक्टरांचा सल्ला प्रतिकूल. शेवटी आजोबांनीच तोडगा काढला. लहान गावात तळ ठोकायचा आणि रोज नव्या दिशेला भटकायचे एवढीच अट असेल, तर ती आपल्याच किनाऱ्यावर पुरी होते. १९९३ साली आपल्या हळदीची पहिली पेटी जेथून दुबईला गेली ते बंदर एकदा डोळ्यांनी पाहू, असे ते म्हणाले. नातवाचा चेहरा पडला. पण बेत ठरला.

न्हावा शेवा हे प्रवाशाने मुक्काम करण्याचे ठिकाण नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. न्हावा आणि शेवा ही मुळात दोन वेगळी गावे. बंदराचा पसारा उभा राहिला तेव्हा दोन्ही नावे जोडून त्याला मिळाली. राहायचे ते उरणला. रायगड जिल्ह्याच्या या तालुक्याच्या गावातून बंदर, डोंगर, समुद्र, खाडी आणि लेणी सर्व काही हाताच्या अंतरावर आहे. मुंबईकरांना आता तेथे पोचणे सोपे झाले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू सुरू झाला. त्यापैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर पूल समुद्रावर आहे. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. पूर्वी मुंबईहून उरणला जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडणे किंवा पनवेलला मोठा वळसा घालणे, हे दोनच मार्ग होते. लाँच आजही चालते आणि ज्याला घाई नाही त्याने तीच घ्यावी. मात्र ओहोटीच्या वेळी मोऱ्याच्या धक्क्यालगत गाळ उघडा पडतो आणि फेऱ्या थांबतात, हे ध्यानात ठेवावे.

सांगलीकर मंडळी अर्थातच पुण्यावरून आली. शुक्रवारी पहाटे निघून दुपारी पनवेलच्या पुढे कर्नाळ्याच्या अभयारण्यात दोन तास थांबली. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका खालूनच पाहिला, कारण चढाईचा कार्यक्रम दुसरीकडे ठरला होता. मग वाट थोडी वाकडी करून चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील आदिवासी आणि शेतकरी यांनी जंगल सत्याग्रह केला आणि अक्कादेवीच्या डोंगराजवळ झालेल्या गोळीबारात माणसे हुतात्मा झाली. शिरढोण, म्हणजे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव, याच परिसरात आहे. उरण-पनवेलची ही पट्टी इंग्रजी अमलाला कधीच फारशी नरम नव्हती.

बंदराच्या रस्त्याला लागल्यावर मात्र इतिहास मागे पडतो आणि ट्रेलर सुरू होतात. एकामागे एक, निळ्या, तांबड्या, करड्या पेट्या घेऊन चाललेले. दुतर्फा कंटेनर ठेवण्याची आवारे, त्यांत चार-चार, पाच-पाच पेट्यांच्या उतरंडी. चालक गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेले. प्रथम पाहणाऱ्याला हा नुसता गोंधळ वाटतो. ज्याने आयुष्यभर 'पेटी लागली का?' असे फोनवर विचारले आहे त्याला मात्र त्यात आपल्या धंद्याची नाडी दिसते. आजोबा खिडकीशी बसून पेट्यांवरचे क्रमांक वाचत होते. चार अक्षरे आणि सात आकडे. तसा एक क्रमांक त्यांच्या पहिल्या बी. एल. वर होता आणि तो त्यांना अजून पाठ होता.

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मुंबईच्या जुन्या बंदरात जागा उरली नव्हती, जहाजांना दिवसेंदिवस ताटकळावे लागे. कंटेनर हा प्रकार तर सगळ्या जगालाच तेव्हा तीस-पस्तीस वर्षांचा होता. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने १९५६ च्या एप्रिलमध्ये नुआर्कहून ह्यूस्टनला अठ्ठावन पेट्या जहाजावरून नेल्या, तेथून ही गोष्ट सुरू झाली. पोते पाठीवर घेऊन फलाटावरून जहाजात चढणारा हमाल त्या दिवशीच जुना झाला. आपल्याला ते कळायला वेळ लागला एवढेच. न्हावा शेव्याचा पहिला खासगी धक्का १९९९ मध्ये सुरू झाला, पुढे आणखी झाले. २०२३-२४ या एका वर्षात येथून सुमारे ६४ लाख पेट्यांची (वीस फुटी मापाने) ये-जा झाली. नाशिकची द्राक्षे थंड पेट्यांतून युरोपला जातात ती येथूनच. कांदा, तांदूळ, साखर, कापड, यंत्रे, औषधे यांची यादी करण्यात अर्थ नाही. वाचकांपैकी ज्याचा जो माल असेल तो त्याने मनात धरावा.

उरणात एक साध्या लॉजमध्ये उतरून मंडळींनी प्रथम जेवणाचा प्रश्न सोडविला. किनाऱ्यावरचे गाव, त्यामुळे खाणावळींत मासळी मुख्य. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी आणि कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांनी येथे थोडी पूर्वतयारी ठेवावी. सूनबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि खाकरे असा तीन दिवसांचा शिधा बरोबर घेतला होता. लॉजच्या मालकीणबाईंनी चौकशी करून वरणभाताची सोय केली आणि पिण्याचे पाणी उकळूनही दिले. सव्वासहाच्या आत ताटे उचलली गेली व मंडळी पीरवाडीच्या किनाऱ्यावर गेली. ओहोटी होती. पाणी खूप आत गेलेले, ओल्या वाळूवर पोरे क्रिकेट खेळत होती आणि क्षितिजावर बंदरात शिरण्याची पाळी येण्याची वाट पाहणारी जहाजे दिवे लावून उभी होती. हा किनारा फार देखणा आहे असे कोणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. धूप झाली आहे, दगडी बांध घातला आहे. पण संध्याकाळी तेथे बसावेसे वाटते हे खरे.

उरणच्या भटकंतीचे सगळे वेळापत्रक भरती-ओहोटीवर बांधावे लागते, ही गोष्ट हॉटेलात कोणी सांगत नाही. कोळी मात्र पहिल्याच वाक्यात सांगतो. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास येथे मध्यान्हीच्या आसपास आणि मध्यरात्री पूर्ण भरती असते, सकाळ-संध्याकाळ ओहोटी. पुढे रोज पाऊणएक तासाने वेळ पुढे सरकते. अष्टमीला चित्र नेमके उलटे. तिथीवरून पाण्याची वेळ काढण्याची ही रीत पंचांग पाहणाऱ्या घरांना चटकन समजते. आजी-आजोबांना ती दोन मिनिटांत समजली. नातवाने मोबाइलवर ताडून पाहिली तेव्हा पंधरा मिनिटांचाच फरक निघाला.

शनिवारी सकाळी दहा वाजता, पाणी पुरेसे चढल्यावर, मोऱ्याहून होडी निघाली. जायचे होते घारापुरीला. मुंबईचे लोक एलिफंटाला गेटवेवरून जातात आणि ते मुंबईतच आहे असे समजतात. वस्तुतः हे बेट उरण तालुक्यात मोडते. होडीत चढण्यापूर्वी तांडेलाने प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घातले, लहानांचे बंद स्वतः आवळले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून अनेकांचे प्राण गेले, त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. आजोबांनी "आम्हाला कशाला, आम्ही बसूनच राहणार" असे म्हणून पाहिले. "शेठ, बसलेला पण बुडतो," एवढेच तांडेल बोलला. आजोबांनी मुकाट्याने हात पुढे केले.

बंदराच्या आत सामान्य माणसाला प्रवेश नाही, आणि छायाचित्रांवरही जागोजागी मनाई आहे, ती पाळावी. परंतु पाण्यावरून सगळा धक्का एका नजरेत येतो. जिराफासारख्या माना उंचावलेल्या यारी, त्यांच्याखाली तीन-चारशे मीटर लांबीचे जहाज, आणि एकेक पेटी वर उचलून दीड-दोन मिनिटांत ट्रेलरवर ठेवली जाण्याचा तो अखंड क्रम. माणूस दिसत नाही. सगळ्या धक्क्यावर नजर फिरविली तरी पिवळ्या टोप्या मोजून दहा-बारा. नव्वद सालापर्यंत मुंबई बंदरात आपल्या मालाची पोती मोजायला स्वतः उभे राहिलेले आजोबा बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक घडी काढली. १९९३ च्या त्या बी. एल. ची कार्बन प्रत. शाई निळी होऊन फिकटली होती, पण 'न्हावा शेवा' वाचता येत होते. होडी हलत असल्यामुळे सूनबाईंनी ती लगेच परत आत ठेवायला लावली.

घारापुरीच्या लेण्यांविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या शैव लेण्यातील ती त्रिमुखी सदाशिव मूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे आणि तिच्यासमोर धर्म कोणताही असो, माणूस हळू आवाजात बोलू लागतो. १९८७ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. सोमवारी लेणी बंद असतात. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला नाव दिले तो हत्ती आता भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे एलिफंटाला एलिफंट नाही. खरे सांगायचे तर या कुटुंबाला लेण्यांइतकेच बेटावरच्या वस्तीने बोलते केले. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन लहान गावे. समोर मुंबईचा लखलखाट आणि बाजूला देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असूनही या बेटाला अखंड वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलने. तोपर्यंत संध्याकाळी जनित्र चालेल तेवढाच उजेड. पायऱ्यांवर कैऱ्या आणि काकड्या विकणाऱ्या एका बाईंनी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांच्या फ्रिजमधल्या गार पाण्याची बाटली हाच तिचा पुरावा होता.

तोफांच्या टेकडीवर नातवंडे आणि त्यांचे वडील गेले. तेथून न्हावा, शेवा, अटल सेतूची लांबच लांब रेघ आणि द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. उरण हे एके काळी स्वतंत्र बेट होते आणि त्याला करंजा बेट म्हणत, हे तेथे उभे राहिल्याशिवाय पटत नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात मराठ्यांनी साष्टीबरोबर घारापुरी, करंजा आणि हॉग ही बेटे इंग्रजांकडे ठेवली, ती ही. एका कलमात चार बेटे. आजच्या भावाने त्या ओळीची किंमत कोणी काढू नये. इंग्रजी अमलात उरण प्रसिद्ध होते ते मिठागरांसाठी आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी. भट्ट्या गेल्या. मिठागरांतील बरीचशी भरावाखाली गेली. मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला आले, त्याभोवती कारखाने आले, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला हा प्रदेश ओळखू येणार नाही असा झाला.

रविवारी पहाटे द्रोणागिरी. तास-सव्वा तासाची चढण, पावसाळ्याचे दिवस सोडता कोणालाही जमण्यासारखी. हनुमंताने औषधींचा पर्वत नेताना त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी कथा करंजाचे लोक सांगतात. गावात द्रोणागिरी देवीचे स्थान आहे. वर तटाचे, दरवाजाचे आणि पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष, पाण्याचे टाके, भरपूर निवडुंग. वाटेत एका वळणावर आजी-आजोबा थांबले, बाकीचे वर जाऊन आले. दक्षिणेला करंजाची खाडी आणि पलीकडे रेवस दिसते. तरीने पंधरा मिनिटांत तेथे जाता येते. पूल व्हावा अशी मागणी चाळीस वर्षांची जुनी आहे, आता काम चालू आहे.

या प्रवासाचा गाभा मात्र त्यानंतरच्या चार तासांत होता.

पाणजे गावाजवळ खाडीलगत एक विस्तीर्ण पाणथळ आहे. अकराच्या सुमारास भरतीचे पाणी खाडीत चढू लागते, उघडा चिखल बुडतो, आणि त्या चिखलावर चरणारे पक्षी उंच, उथळ जागा शोधत अशा पाणथळांत येतात. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे येतात आणि त्यांच्यासाठीच बहुतेक लोक येतात. त्या दिवशी जो भाग प्रथम लागला तो कोरडा होता. तळाची माती भेगाळलेली, वर मिठाची पांढरी साय. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या जातात आणि पाणथळ मुद्दाम कोरडे पाडले जाते, अशी स्थानिक पर्यावरणप्रेमींची आणि मच्छिमारांची अनेक वर्षांची तक्रार आहे; बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेही हे पाणथळ राखावे असे म्हटले आहे. ओली जमीन आधी कोरडी करायची आणि मग 'येथे पाणथळ नाहीच' असे म्हणायचे, ही युक्ती कर्जबुडव्याने तारण आधी हलवून मग जप्तीला बोलवावे तशी आहे.

पुढे अर्धा किलोमीटर चालल्यावर पाणी लागले आणि पाण्यात पक्षी. रोहित शंभरएक असतील, माना खाली घालून चालणारे. नातवाचे लक्ष मात्र त्यांच्यापुढच्या काठावर होते. तेथे चिखलावर चिमणीएवढे करडे पक्षी शेकड्यांनी धावत होते, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करीत. दुर्बीण लावून उभ्या असलेल्या एका महाविद्यालयीन मुलीने सांगितले, हे टिलवे. हे कोठून येतात असे विचारता ती म्हणाली, "आर्क्टिकवरून. सायबेरियाच्या टोकाला, बर्फ वितळतो तेव्हा तिथे अंडी घालतात. हिवाळा इथे काढतात."

नातू बराच वेळ काही बोलला नाही. सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, दर वर्षी जाणे आणि येणे. वजन किती, हा प्रश्न अर्थातच आजोबांचा होता. हळदीच्या व्यापाऱ्याला दुसरा प्रश्न सुचणार नाही. वीस ते तीस ग्रॅम. "म्हणजे दोन-अडीच तोळे," आजोबा म्हणाले, आणि तळहात वरखाली करून त्यांनी ते वजन अजमावून पाहिले. सोनेरी चिखल्या हा दुसरा पाहुणाही उत्तरेच्या तुंद्रा प्रदेशातलाच, पण तो त्या दिवशी दिसला नाही. परतीच्या उड्डाणापूर्वी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवावी लागते आणि ती याच चिखलातल्या किड्यांवर साठते. येथला चिखल आटला तर त्यांना वाटेत दुसरे दुकान उघडे सापडेलच असे नाही. मुलीने हे अगदी सहज सांगितले. तिने वहीत आकडे लिहिले : टिलवे, अंदाजे चारशे. मागच्या पानावर त्याच जागेचे मागच्या हिवाळ्याचे आकडे होते. ते तिने कोणी विचारले नाही म्हणून दाखविले नाहीत, आणि आजींनी विचारले तेव्हा पान उलटून दाखविले. ते आजच्या तिप्पट होते.

जेवणानंतर आजोबांच्या आग्रहावरून मंडळी बोरी पाखाडीला हनुमान कोळीवाड्यात गेली. पहिल्या दिवशी लॉजवर बोलता बोलता त्यांना कळले होते, की बंदर जेथे झाले त्या शेव्याचे लोक येथे आहेत. बंदरासाठी ऐंशीच्या दशकात शेवा कोळीवाडा उठविला गेला आणि अडीचशेहून अधिक कुटुंबे या जागेवर आणली गेली. जागा अपुरी, आणि त्याहून वाईट म्हणजे वाळवीची. घराच्या चौकटी, वासे, कपाटे पोखरली जातात. काही घरे लोकांनी सोडून दिली आहेत. दुसऱ्या जागी पुनर्वसन करावे या मागणीसाठी ग्रामस्थांनी अर्ज केले, उपोषणे केली, बंदराच्या जलमार्गात होड्या नेऊनही निदर्शने केली. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा लढा याहून जास्त लोकांना ठाऊक आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवा शेवा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण निघाले. कोळ्यांकडे सात-बारा नव्हता. त्यांचे शेत म्हणजे खाडी; आणि खाडीचा उतारा कोणत्या तलाठ्याकडे मिळणार? २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या परिसरातील १,६३० मच्छिमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा खाडीवरचा हा हक्क प्रथमच रुपयांत मोजला गेला.

एका ओट्यावर जाळे विणीत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याने त्यांना बसायला सतरंजी टाकली. सांगलीचे, हळदीचे व्यापारी, तुमच्या बंदरातून माल जातो, असे आजोबांनी सांगितले. 'तुमच्या' हा शब्द बोलून गेल्यावर ते थोडे अडखळले. मग पिशवीतली घडी काढून त्यांनी ती कार्बन प्रत दाखविली आणि गावाच्या नावावर बोट ठेवले. म्हाताऱ्याला इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती. त्याने नातीला हाक मारली. तिने वाचून दाखविले. त्याने कागद दोन्ही हातांत धरून पुन्हा एकदा वाचायला लावले.

"तीस वर्सां झाली याला?" त्याने विचारले.

"बत्तीस," आजोबा म्हणाले.

"म्हंजे आमचा शेवा अजून जातोय दुबयला." तो हसला, आणि कागद परत करताना त्याने विचारले, "शेठ, त्या पेटीचं भाडं किती पडलं होतं?" आजोबांनी आकडा सांगितला. म्हाताऱ्याने तो मनात कशाशी तरी ताडून पाहिला असावा, कारण त्यानंतर तो बराच वेळ बोलला नाही. आतून चहा आला. सूनबाईंनी राहिलेल्या दशम्या आणि चटणीचा डबा घरातल्या बाईंच्या हाती दिला. त्या घेईनात, मग घेतल्या. दाराच्या चौकटीत वाळवीने केलेली मातीची नळी बोटभर जाड होती आणि नातवाने ती नखाने खरवडली तेव्हा आतली लाकडे पिठासारखी गळली. कोणी त्याला रागावले नाही.

आजोबांनी जाताना त्या म्हाताऱ्याचा फोन क्रमांक घेतला. कशासाठी, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. सांगली बाजार समितीत पुढच्या आठवड्यात हळदीचे सौदे होते आणि आणखी दोन पेट्या मार्चअखेर लागायच्या होत्या.

चार वाजता गाडी निघाली. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागलेली होती. पळस्प्यापर्यंत पोचायला तासापेक्षा जास्त लागला. नातू वहीत पेट्यांचे क्रमांक लिहीत होता, पक्ष्यांची यादी केलेल्या त्याच पानावर, खाली. सूर्य कलू लागला तसे आजींनी गाडी कोठेतरी बाजूला घ्यायला सांगितले. उरलेले खाकरे आणि लॉजवरून बांधून दिलेला भात, एवढेच होते. घाट लागण्यापूर्वी एका पेट्रोल पंपाच्या कडेला, सहा वाजून दहा मिनिटांनी, मंडळींनी जेवण उरकले.